उपाशी शेंडे

हिवरवाडी, ता. जाफराबाद
१२ जानेवारी २०२५

चि. दीपमालास,
तातेराव मामाचा जय भीम.

मामा फोन का करत नाही म्हणून तुझी आई रुसली आहे. तिला सांग, तेहतीस वर्षं टपालाची पिशवी खांद्याला लावून लोकांची पत्रं वाटली, आता चार पत्रं माझ्याही नावाने येऊ देत. खरं कारण कानाचं आहे. कानांनी पार दगा दिला. फोनवर तू ‘माती’ म्हणालीस तर मला ‘भाची’ ऐकू येईल आणि करमणूक होईल मामीची. म्हणून कागद बरा.

काम असं आहे. तुझ्या आजोबांनी शेजारच्या रानातल्या कारभारीच्या वडिलांकडे सालगडी राहून तीन एकर बरड मिळवली. बरड म्हणजे वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम. देणाऱ्याने हसत दिली. आबांच्या हयातीत तिथे धड ज्वारी पिकली नाही. मी पोस्टातून निवृत्त झालो त्या पावसाळ्यात तिथे सोळाशे निलगिरी लावली, चाळीस ओळी, ओळीत चाळीस झाडं. पहिली दोन वर्षं अशी वाढली की कारभारी बांधावर थांबून बघायचा. गेल्या हिवाळ्यापासून मात्र शेंडे वाळायला लागले. शेंडा मेला की खालून फुटव्यांचा झुपका येतो, मग तोही वाळतो. पानं जाड झालीत, दुमडली की कटकन मोडतात. कारभारी म्हणतो, “तात्या, निलगिरी म्हंजे पाणी पिणारी भुताटी. जमीन बी खाती अन् मालक बी खाती.”

राजानंद जालन्याहून सुट्टीला आल्ता. त्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कुणीतरी त्याची गाठ खडी क्रशरवाल्या अण्णासाहेबांशी घालून दिली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, “बाबा, बरडात दगडच हाय, तं दगडच देऊ. दसऱ्यापर्यंत झाडं सुधरली न्हाई तं मंग मी जेसीबी लावतो.” पोरगा वाईट नाही. बाप म्हातारपणी मुरमावर जीव काढतो आहे, हे त्याला बघवत नाही. पण क्रशर आलं की आबांचं रान उरणार नाही, तिथे खड्डा उरेल. मी दसऱ्याला कबूल झालो.

तू मातीचं शिकतेस. झाडांना झालंय काय तेवढं सांग.

तुझा मामा,
तातेराव

परभणी
२३ जानेवारी २०२५

आदरणीय मामांस,
जय भीम.

न बघता सांगितलं तर मी आणि कारभारी काका यांच्यात फरक काय राहिला? म्हणून आधी माती पाठवा. आठ-दहा ठिकाणी वीत-दीड वीत खोल खड्डा घ्या, खड्ड्याच्या भिंतीची माती वरपासून खालपर्यंत खरवडा, सगळी एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. शेंड्याजवळची पानंही वेगळी पाठवा. चांगली माती निवडू नका. तुम्ही पाहुण्याला कानतुटका कप देत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. आजारी झाडाखालचीच माती हवी.

आणखी एक, झाडांखाली पाचोळा किती साठतो?

अक्षराबद्दल माफ करा. तुमच्यासारखं वळण माझ्या हाताला नाही.

तुमची,
दीपा

हिवरवाडी
७ फेब्रुवारी २०२५

चि. दीपास,

तू मनकवडी आहेस. पहिली पिशवी मी उकिरड्याजवळच्या काळ्याभोर मातीने भरली होती, भाचीच्या हाती मुरूम कसा द्यायचा म्हणून. तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि ओतून दिली. आता जी आली आहे ती अस्सल बरड आहे.

जाफराबादच्या पोस्टात माझ्या हाताखाली तयार झालेला बद्रीनाथ बसतो. पार्सलात काय, म्हणून त्याने ओरडून विचारलं. माती, म्हटलं. म्हणाला, “काका, लोकायनं तुमच्या हातून मनीऑर्डरी पाठवल्या, राख्या पाठवल्या. माती पाठवणारे तुम्ही पयलेच.” सगळं पोस्ट हसलं. मी पावती घेऊनच हललो.

पाचोळ्याचं विचारलंस. एक पान दिसायचं नाही. दर आठवड्याला मी झाडून काढतो आणि मामी चुलीत घालते. बरड असली तरी अंगणासारखी ठेवली आहे.

तुझा मामा,
तातेराव

(पोस्टकार्ड)
परभणी, १८ मार्च २०२५

मामा, तपासणीचा निकाल आला. कमी एकच. बोरॉन. परीक्षा चालू आहे, सविस्तर नंतर लिहिते. दीपा

हिवरवाडी
३१ मार्च २०२५

चि. दीपास, अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. ‘कमी एकच. बोर आन.’ बाईने एवढं शिकून मामाला ‘आन’ लिहावं, म्हणून मामी पोट धरून हसली. मी म्हटलं, लहानपणी मांडीवर बसून ‘मामा, गूळ आन’ म्हणायची, तीच माया आहे.

बोरची गाडी आणली. पाणाड्या नारळ घेऊन आपण होऊन आला होता. त्याला चहा पाजून परत पाठवला. भाचीने मातीची तपासणी करून सांगितल्यावर नारळाला काय विचारायचं? खर्चासाठी मामीने दोन शेळ्या विकल्या, म्हणाली, झाडं राहिली तर शेळ्या पुन्हा होतील. दीडशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. दोनशे दहावर पाणी लागलं. दोन इंच. कारभारीसुद्धा हात धुऊन गेला.

आता ओळीओळीने पाणी सोडतो आहे. तहान होती, दुसरं काही नाही. राजानंदला कळवलं आहे. तू परीक्षा नीट दे.

तुझा मामा,
तातेराव

परभणी
९ एप्रिल २०२५

आदरणीय मामांस,

तुमचं पत्र वाचून मी वसतिगृहाच्या पायरीवरच बसले. आधी हसले, मग रडले.

मामा, मी ‘बोर आन’ लिहिलं नव्हतं. मी बोरॉन लिहिलं होतं. अक्षर माझं आणि दोषही माझा. शेळ्यांनी पाला खावा, इथे माझ्या अक्षराने मामींच्या दोन शेळ्या खाल्ल्या. आणि नुसतं अक्षर नाही, शब्दही चुकला. तुम्हाला ठाऊक असलेला शब्द मी लिहायला हवा होता. टाकणखार. सोनार दागिन्याला डाग देताना जी पांढरी पूड लावतो, ती. तिच्यात बोरॉन असतं. तुमच्या झाडांना ते हवं आहे.

झाड तहानलेलं नाही, उपाशी आहे. म्हणजे ताटात भाकर आहे, कोरड्यास आहे, मीठ नाही. झाडाला ते लागतं चिमूटभरच, पण त्याच्याशिवाय नवा शेंडा धरत नाही, कोवळा असतानाच मरतो. हलक्या मुरमात आधीच ते थोडं, आणि तुमच्या मातीत चुनखडी आहे, ती असलेलंही झाडाच्या हाती लागू देत नाही. पानांची तपासणीही हेच सांगते. उत्तर लवकर पाठवा, मी मात्रा किती ते कळवते.

तुमची,
दीपा

हिवरवाडी
२४ एप्रिल २०२५

चि. दीपास,

पत्र पोचलं. मामीला शेळ्यांचं काही वाटत नाही असं तिने सांगितलं आहे.

सोनाराची पूड झाडाला घालावी असं मी ऐकलेलं नाही. बोर ज्या कारणाने झाला तो झाला. पाणी चालू आहे, झाडं हिरवीगार आहेत. तू काळजी करू नये.

तातेराव

परभणी
२६ मे २०२५

आदरणीय मामांस,

झाडं हिरवीगार आहेत, असं तुम्ही लिहिलंत. मी महिनाभर ते खरं मानलं. काल मामींचा फोन आला. म्हणाल्या, “माय, तुहा मामा रोज सकाळी बांधावर जाऊन बसून राह्यला. पाणी पिऊन झाडं वाढली, अन् जितकी वाढली तितकीच वरून वाळली. तुला सांगू नको म्हणले, पर मी सांगून राह्यले.”

तेहतीस वर्षं तुम्ही लोकांना बरीवाईट सगळी पत्रं खरीखुरी नेऊन दिलीत. मलाच का खोटं पाठवलंत?

पण मामा, तुम्ही हरलेला नाहीत. पाणी मिळालं म्हणून झाडांनी उंच व्हायला घेतलं, आणि नव्या शेंड्याला मीठ पुरलं नाही. दोन महिने भरपूर पाणी देऊनही शेंडे मेले, म्हणजे तहान हे कारण नव्हतं. मला पुस्तकातून पटवता आलं नसतं ते तुमच्या बोरने दाखवलं.

आता नीट वाचा. अक्षर मी दोनदा गिरवलं आहे. जुन्या जालन्यात काष्ठौषधीच्या ठोक दुकानात टाकणखार मिळेल. पंचवीस किलोचं एक पोतं आणा. मृगात ओल झाली की दर झाडाला तीन सपाट चहाचे चमचे. शीग नको. जास्त झालं तर पानं करपतात, हे मीठ फार अंगावर येतं. खोडापासून हातभर लांब गोल चर काढून मातीत मिसळायचं.

दुसरं, पाचोळा झाडणं बंद करा. झाडाने जमिनीतून घेतलेलं पानांतून परत जमिनीत जायचं असतं. तुम्ही दर आठवड्याला ते चुलीत घालत आलात. टाकणखाराने यंदाची भूक भागेल, रोजची भाकर पाचोळाच देईल. गावाला रान घाण दिसेल, दिसू द्या.

तिसरं महत्त्वाचं. मधल्या तीन ओळींना टाकणखार द्यायचा नाही. अजिबात नाही.

तुमची,
दीपा

हिवरवाडी
९ जून २०२५

चि. दीपास,

खोटं लिहिलं, माफ कर. मामाने भाचीची माफी मागायची आपल्यात रीत नाही, पण खोटं लिहायचीही नव्हती. दोन शेळ्या घालवून आणि एवढा गाजावाजा करून झाडं मरताना बघवेनात, आणि तुझ्या निकालाला मी ‘नाही’ म्हटल्यावर पुन्हा ‘हो’ म्हणायला तोंड नव्हतं.

एस.टी.ने जुन्या जालन्याला गेल्तो. ठोक दुकानवाला म्हणाला, “काका, इतका टाकणखार? सराफा उघडून राह्यले का?” मी म्हटलं, सोळाशे झाडांना दागिने करायचे आहेत. पोतं घरात आहे. मामीने चमचा स्वतःकडे ठेवला आहे, माझा हात सढळ आहे म्हणून. पाचोळ्यालाही हात लावत नाही. न्हाणीच्या पाण्याला काय जाळू, म्हणून मामी विचारते. तुरीच्या तुऱ्हाट्या आहेत, भागेल.

पण तीन ओळींचं मला जमणार नाही. तुझे आजोबा कारभारीच्या घरच्या लग्नात राबायचे. पंगत बसली की त्यांना दूर गोठ्याजवळ बसवायचे, आणि उरलं तर वाढायचे. मी त्यांच्या शेजारी बसलेलो आहे. सहा वर्षांचा होतो. समोर पत्रावळी चालल्या आहेत आणि आपल्याकडे कोणी येत नाही, ते बसणं अजून अंगात आहे. माझ्या रानात एका पंगतीला बसलेल्यांपैकी सदतीस ओळींना वाढायचं आणि तिघींना नाही, हे मी करणार नाही. झाड झालं म्हणून काय झालं. दुसरं काहीही सांग.

तुझा मामा,
तातेराव

परभणी
१५ जून २०२५

आदरणीय मामांस,

तुमचं पत्र मी कितीदा वाचलं ते मोजलं नाही. आबांचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

तरीही मी तेच मागते आहे. आबांना दूर बसवलं ते कायमचं, आणि का म्हणून विचारायची सोय नव्हती. आपण या तीन ओळी साडेतीन महिने थांबवतो आहोत आणि कारण कागदावर लिहितो आहोत. दसऱ्याला राजूदादा येईल. झाडं सुधारलेली दिसली तर तो म्हणेल, यंदा पाऊस बरा झाला. क्रशरवाले म्हणतील, पुढच्या साली पुन्हा वाळतील. तुम्ही काय उत्तर द्याल? त्या तीन ओळी द्यायच्या. पाऊस त्यांच्यावरही तेवढाच पडलेला असेल, माती तीच, बोरचं पाणी तेच. फरक फक्त तीन चमच्यांचा असेल.

खरं असून चालत नाही मामा, साक्षीदार लागतो. हे आपल्या माणसांना मी सांगायला नको. ओळी उपाशी ठेवताना मलाही बरं वाटत नाही. पण सोळाशे वाचवायला एकशे वीस थोडे थांबतील. दसऱ्याच्या दिवशी त्यांना पहिलं वाढा.

तुमची,
दीपा

हिवरवाडी
२४ ऑगस्ट २०२५

चि. दीपास,

ऐकलं तुझं. जूनच्या अखेरीस तीन दिवस लागून दोघांनी सदतीस ओळींना टाकणखार दिला. मधल्या तीन ओळींच्या टोकाला मी चुन्याने दगड रंगवले. जुलैभर काहीच दिसलं नाही. रोज जाऊन मान वर करायची आणि खाली घालून परत यायचं. कारभारी बांधावरून ओरडून म्हणाला, “तात्या, रान झाडायचं बी सोडलं का? आळस भरला का अंगात?” पाचोळा घोट्यापर्यंत आला होता. त्याचं बोलणं लागलं, पण झाडू हातात घेतला नाही.

परवा पोळा झाला. त्या सकाळी पाहिलं तर शेंडे सरळ वर निघाले आहेत. कोवळे, तांबूस, एकेक शेंडा, झुपका नाही. मी सदतीस ओळी फिरलो. पानं दुमडून पाहिली, मोडली नाहीत. पाचोळ्याखाली हात घातला तर ओल होती आणि बारीक पांढऱ्या मुळ्या वर चढून आल्या होत्या. मुरमात हे मी पहिल्यांदा बघितलं.

तीन ओळी तशाच आहेत, खुज्या आणि झुपकेदार. एक कबूल करतो. त्यांच्यातल्या एका झाडापाशी मी चमचा घेऊन गेल्तो. मामीने हात धरला. म्हणाली, “पोरीला शबूद दिला ना.” परत आलो.

तुझा मामा,
तातेराव

हिवरवाडी
४ ऑक्टोबर २०२५

चि. दीपमालास,
मामाचा आणि मामीचा कडकडीत जय भीम.

परवा दसऱ्याला सकाळी विहारात वंदना झाली, आणि अकराच्या सुमारास राजानंद अण्णासाहेबांना घेऊन थेट रानात आला. मागून कारभारी आला, गंमत बघायला. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बांधावर उभा राहिलो.

राजानंद ओळींमधून चालत गेला. झाडं त्याच्या डोक्यावर कितीतरी वर गेली आहेत, वर बघताना त्याची टोपी पडली. अण्णासाहेब म्हणाले ते मामीने माझ्या कानाशी सांगितलं, “यंदा पाणी बरं झालं, त्याचा हा झपाटा. पुढच्या साली पाहा.” दीपा, शब्द न् शब्द तुझ्या पत्रातला. राजानंदने मान डोलावली. मी नुसतं मधल्या ओळींकडे बोट दाखवलं.

तो तिथे गेला आणि थांबला. डाव्या हाताला खुजी ओळ, उजव्या हाताला उंच. कारखान्यातली पोलादी टेप त्याच्या खिशात असतेच. त्याने दोन्हीकडची कोवळी खोडं वाकवून नवे शेंडे मोजले. खुज्या ओळीत वीतभर, तेही वाळलेले. शेजारी सव्वा मीटर. पुढच्या झाडाला मोजलं, त्याच्या पुढच्या झाडाला मोजलं. ओळ संपेपर्यंत मोजत गेला. परत आला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “बाबा, याह्यला पाणी न्हाई दिलं का?” दिलं, म्हटलं. “मंग काय न्हाई दिलं?” मी त्याला तुझं पंधरा जूनचं पत्र दिलं. उभ्याउभ्या वाचलं त्याने. त्याआधीचं माझं पत्र तुझ्याकडे आहे, म्हणून पंगतीचं त्याला मी माझ्या तोंडाने सांगितलं. आजपर्यंत त्याला सांगितलं नव्हतं. त्याने पत्राची घडी करून माझ्या हातात दिली.

मग अण्णासाहेबांकडे वळला आणि एवढ्या मोठ्याने बोलला की मलासुद्धा बराबर ऐकू आलं. “साहेब, ही जागा द्यायची न्हाई. बिलकुल न्हाई. आज न्हाई अन् पुढं बी न्हाई.” अण्णासाहेब भले माणूस, हात जोडून गेले. जाता जाता एका खोडावर थाप मारून म्हणाले, बांधकामाच्या बल्ल्या होतील तेव्हा मला सांगा.

कारभारी तिथेच घोटाळत होता. त्याने पाचोळ्यात काठी घालून पाहिली. शेवटी जवळ येऊन म्हणाला, “तात्या, माझ्या वरच्या टुकड्यातली मोसंबी बी अशीच वाळून राह्यली. तुझ्या भाचीला माती पाठवली तं चालंल का?” ज्याच्या बापाने बरड हसत दिली तो आज बरडीत उभा राहून पत्ता मागतो आहे. मी पत्ता दिला. उकिरड्याजवळची माती पाठवू नको, एवढं बजावलं. तू त्याचं काम नीट कर. आपल्याला कुणाला दूर बसवायचं नाही.

पोत्यात टाकणखार उरला होता. मी चमचा घेऊन निघालो तर राजानंदने तो माझ्या हातून घेतला. विजारीचे पाय दुमडले आणि पहिल्या झाडापाशी वाकून चर काढायला लागला. मामी मागे मागे, चमचा सपाट आहे का बघत. एकशे वीस झाडं आहेत, एकशे वीस वेळा वाकला तो. मध्ये पाणी प्यायलाही थांबला नाही.

मी बांधावर बसून सगळं बघितलं आणि मला रडू फुटलं. मामी आली, कानाशी म्हणाली, “आता काहून रडता? जितलो ना आपण?” मी म्हटलं, जितलो म्हणूनच रडतोय, हरलो तेव्हा कुठे रडलो होतो.

तुझा मामा,
तातेराव